काडेपेट्यांची आगगाडी : फोनवर स्टॉप मोशन करतोय, पण चित्र लुकलुकतंय, मदत हवी

खाडीकाठ | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबेल पण अडचण नीट कळावी म्हणून सगळंच सांगते.

लेक पाचवीत आहे. सुट्टी लागल्यावर तिने ठरवलं की १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ना, ती काडेपेट्यांची करायची आणि फोनवर स्टॉप मोशनने, म्हणजे थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढून ते सलग दाखवून, चालवायची. आम्ही कळव्याला राहतो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून रूळ दिसतात, त्यामुळे गाडी म्हणजे तिला घरातलीच वाटते. त्या दिवशी १४ डबे होते म्हणून १४ काडेपेट्या, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं होती ती आम्ही दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची केली. चाकांना तिच्या आजोबांच्या जुन्या सफारीची बटणं लावलीत, चार भोकांची, चांगली मोठी.

धूर कापसाचा आहे आणि ते खातं सासूबाईंकडे आहे. प्रत्येक फोटोला त्या कापूस पिंजून देतात, आधी ज्वारीच्या दाण्याएवढा, मग हरभऱ्याएवढा, मग बोराएवढा, आणि इंजिनाच्या नळीपासून एकेक पुंजका मागे सरकवत नेतात, सर्वात मागचा उचलून घेतात आणि पुढे नवा ठेवतात. पहिल्यांदा चालवून बघितलं तेव्हा आम्ही तिघी गप्पच झालो, खरंच धूर निघत होता.

हिशोब असा आहे की सेकंदाला १२ फोटो धरलेत, टेबल १२० सेंटिमीटर, प्रत्येक फोटोला गाडी ५ मिलिमीटर पुढे, म्हणजे २४० फोटो आणि २० सेकंदांत गाडी टेबल पार करते. शेवटी फूटपट्ट्यांचा पूल करून गाडी खाडीवरून नेणार आहोत. फोन बाजूच्या स्टुलावर, स्टीलच्या डब्याला रबरबँडने बांधलाय. अ‍ॅप स्टॉप मोशन स्टुडिओ.

आता अडचणी. एक म्हणजे चित्र सतत लुकलुकतं, एक फोटो पिवळट, पुढचा निळसर, मधेच सगळं उजळतं मधेच काळवंडतं. दुसरं, अधूनमधून अख्खं चित्र टुणकन बाजूला उडी मारतं, गाडी नाही, भिंतीसकट सगळं. आणि तिसरं, चाकं उलटी फिरतायत! गाडी पुढे जातेय आणि चाकं मागे. १६० फोटो झाल्यावर हे लक्षात आलं आणि लेक एवढंसं तोंड करून म्हणाली की आई आता सगळं परत काढायचं का. चांगला फोन घ्यावा लागेल का? खर्च परवडणार नाही असं नाही पण खरंच गरज आहे का ते कळू दे.

नेरूळची_मैना | शनिवार, रात्री ११:३२

अगं किती गोड! कापसाचा धूर वाचून अंगावर काटा आला. मला उत्तर माहीत नाही पण मी पण हा धागा धरून बसते, मला बालवाडीतल्या मुलांसाठी फ्लेमिंगोंची फिल्म करायचीये, कागद कापून.

ऐरोली_फ्रेम | रविवार, सकाळी ८:०५

ताई, फोन अजिबात बदलू नका. मी अ‍ॅनिमेशनमध्येच काम करतो, बरीच वर्षं झाली, आणि आजही घरी मुलाबरोबर फोनवरच करतो.

तुमचा फोन फार हुशार आहे आणि तीच अडचण आहे. तो प्रत्येक फोटोच्या वेळी नव्याने विचार करतो की उजेड किती, रंग कसा, फोकस कुठे. एकेका फोटोसाठी ते उत्तमच, पण आपले २४० फोटो म्हणजे एकच शॉट असतो आणि त्यात २४० वेळा मत बदललेलं चालत नाही. सासूबाईंचा पांढरा कापूस थोडा मोठा झाला की फोनला वाटतं उजेड वाढला, तो लगेच चित्र काळवंडवतो, कापूस उचलला की परत उजळतो. त्यामुळे एक्स्पोजर (उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंग) तिन्ही लॉक करा. आयफोन असेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरलं की एक्स्पोजर-फोकस लॉक होतं, अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये प्रो मोड असतो, आणि तुम्ही वापरता त्या अ‍ॅपच्या कॅमेरा सेटिंगमध्येही मॅन्युअल आहे, ते शोधा. एचडीआर (फोन दोन-तीन फोटो मिसळून एक करतो ते) बंद, नाइट मोड बंद. आणि नवे फोन वस्तू जवळ आली की आपलेआप दुसऱ्या लेन्सवर जातात, ते पण बंद, नाहीतर गाडी जवळ आल्यावर मधूनच चित्र बदलेल.

पण हे केल्यावर लगेच शूटिंग सुरू करू नका. आधी सेट लावा आणि काहीही न हलवता २० फोटो काढा. गाडी जागेवर, कापूस जागेवर, फक्त क्लिक. मग ते चालवून बघा. पडद्यावर काहीच घडायला नको, एकच फोटो लावून ठेवल्यासारखं दिसायला हवं. तरी लुकलुकलं तर कारण अजून खोलीत कुठेतरी आहे, तेव्हा इथे लिहा, मग पुढचं बघू.

आणि क्लिक करताना स्क्रीनला हात लावू नका, वायरचे इयरफोन पडलेले असतील तर त्याचं आवाजाचं बटण शटरसारखं चालतं, बहुतेक फोनमध्ये. फोन एअरप्लेन मोडवर टाका, शॉटच्या मधे कोणाचा कॉल येऊन थरथरला तर गेली मेहनत.

पारसिक | रविवार, सकाळी ९:४०

मी रेल्वेतून निवृत्त झालोय, त्यामुळे राहवलं नाही. छान विषय निवडला आहे मुलीने. त्या दिवशी तोफांची सलामी झाली होती, २१ तोफा, आणि साधारण ४०० पाहुणे गाडीत होते, अंतर ३४ किलोमीटर.

एक दुरुस्ती मात्र करा. पहिली गाडी ठाण्यालाच थांबली. खाडीवरचा पूल त्या दिवशी वापरात नव्हता, पुढे लाइन कल्याणपर्यंत गेली ती १८५४ साली, गाडी खाडी ओलांडून गेली ती तेव्हा. मुलीला पूल दाखवायचाच असेल तर मधे साल बदलल्याची पाटी टाका, चुकीचं नको.

दुसरं, तुमचं चित्र उडी मारतं म्हणालात आणि घर रुळाला लागून आहे म्हणालात. फास्ट लोकल किंवा मालगाडी गेली की जमीन हादरते, आपल्याला सवयीने कळत नाही. तुमचं टेबल एकीकडे आणि फोन वेगळ्या स्टुलावर आहे, दोघं वेगवेगळे हलतात. फोन त्याच टेबलावर पक्का केलात तर हादऱ्याने दोन्ही एकत्र हलतील आणि चित्रात फरक पडणार नाही.

ऐरोली_फ्रेम | रविवार, सकाळी १०:१५

काका, काय पकडलंत! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ताई, डब्यात तांदूळ भरा, गच्च, आणि डबा टेबलाला चिकटपट्टीने धरून ठेवा. टेबलाच्या चारही पायांभोवती जमिनीवर पण चिकटपट्टीच्या खुणा करा, झाडताना कोणी सरकवलं तर परत त्याच जागी आणता येईल.

गणिताची_वही | रविवार, दुपारी १:२०

उलटी चाकं हा माझा प्रश्न, तो मी घेते. प्रत्येक फोटोला बटण किती फिरवता?

खाडीकाठ | रविवार, दुपारी १:४५

अंदाजेच हो, लेक एका बोटाने फिरवते, पाव फेरीपेक्षा थोडं कमी.

गणिताची_वही | रविवार, दुपारी २:१०

तेच झालंय. बटणाला चार भोकं आहेत, म्हणजे बरोब्बर पाव फेरी फिरवलं की दुसरं भोक पहिल्याच्या जागी येतं आणि बटण हललंच नाही असं दिसतं. पाव फेरीपेक्षा थोडं कमी फिरवलं तर डोळ्याला वाटतं की ते थोडं मागेच गेलं. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तेच हे.

बटण मोजा. समजा १८ मिलिमीटर व्यास आहे तर परीघ झाला साधारण ५६. गाडी एका फोटोला ५ मिलिमीटर जाते तर चाकाने ५६ पैकी ५ एवढंच फिरायचं, म्हणजे सुमारे ३२ अंश. पाव फेरीच्या निम्म्याच्या आत, म्हणजे ४५ अंशांच्या आत राहिलं की पुढेच जाताना दिसेल. आणि अजून एक करा, प्रत्येक बटणाच्या एकाच भोकाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका लावा. मग चारही बाजू सारख्या राहणार नाहीत, डोळा ठिपक्याच्या मागे जाईल. लेकीला कागदाचा ३२ अंशांचा कोन कापून द्या, बटणाला टेकवायचा आणि तेवढंच फिरवायचं. पाचवीत कोन असतातच, तिला आवडेल.

हात_मातीत | रविवार, संध्याकाळी ७:३०

गाडीत माणसं बसवणार असाल तर एक सांगतो, मी दरवर्षी घरचा गणपती शाडूचा करतो म्हणून हौसेने माणसं पण शाडूची केली आणि शूटिंगच्या तिसऱ्या तासाला हात वाकवताना खांद्यापासून तुटून आले. शाडू वाळते, तडकते, स्टॉप मोशनला तिचा उपयोग नाही. तेलातली क्ले घ्या, ती वाळतच नाही, फक्त मे महिन्यात दुपारी मऊ पडते, मग थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायची. आत अ‍ॅल्युमिनियमची तार, दोन पदरी पीळ दिलेली, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. एकेरी तार सारखी एकाच जागी वाकवली की तुटते. पाय जागेवर राहावेत म्हणून तळव्याखाली ब्लू टॅक. आणि क्लेला हात लावण्याआधी हात पुसा, पांढऱ्या क्लेवर लाल रंगाचं बोट उमटलं की ते पडद्यावर मुंगीसारखं वळवळतं.

खाडीकाठ | सोमवार, रात्री १०:५०

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, खूप बरं वाटलं. आज तिन्ही गोष्टी केल्या. लॉक केलं, तांदळाचा डबा टेबलावर आणला, आणि काहीही न हलवता २० फोटो काढले.

उडी पूर्ण बंद! मुद्दाम मालगाडी जायची वाट बघितली आणि ती जात असतानाच दोन क्लिक केले, चित्र जागच्या जागी. पारसिककाका, लेक तुम्हाला सलाम करतेय.

लुकलुक कमी झाली पण गेली नाही. आता पिवळं-निळं होत नाही, पण उजेड हलकासा कमीजास्त होतोय, आणि चित्राच्या डाव्या कडेला मधेच एक पांढरट झाक येते आणि जाते. रात्रीच काढले, पडदे बंद होते, वर ट्यूबलाइट आणि बाजूला एक एलईडी बल्ब.

ऐरोली_फ्रेम | मंगळवार, सकाळी ७:५०

मस्त, आता उरली दोन कारणं.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला दिसत नाही. पण शटर (एका फोटोसाठी उजेड आत घ्यायचा वेळ) फार वेगात असेल तर एखादा फोटो चढत्या उजेडात निघतो, एखादा उतरत्या. शटर १/५० सेकंद करा किंवा त्याहून हळू, १/२५ पण चालेल, आपलं काही पळत नाहीये. मग प्रत्येक फोटोत उजेडाचे पूर्ण फेरे येतात आणि सगळे सारखे निघतात. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील तो आकडा) १०० च्या आसपास ठेवा. ट्यूब बंदच करा, एक टेबल लॅम्प पुरे, सावलीही छान पडेल. दिवसा खिडकीच्या उजेडात तर कधीच नको, ढग आला की संपलं.

डाव्या कडेची झाक म्हणजे बहुतेक तुम्ही स्वतः. क्लिक करताना कोण डावीकडे उभं असतं, आणि कपडे कोणते?

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ८:१०

सासूबाई. पांढरं नऊवारी. 😮

ऐरोली_फ्रेम | मंगळवार, सकाळी ८:१५

बल्बचा उजेड लुगड्यावर पडून परत सेटवर येतोय. आजींना तेवढ्यापुरती गडद शाल द्या, आणि क्लिकच्या वेळी सगळ्यांनी रोज एकाच जागी उभं राहायचं, जमिनीवर खडूने पावलं काढून ठेवा. स्टुडिओत आम्ही काळे कपडे घालतो ते याचसाठी.

अजून एक, गाडी पहिल्या फोटोपासूनच ५ मिलिमीटर पळवू नका. तीन इंजिनं आणि १४ डबे, ते जड वाटलं पाहिजे. सुरुवातीला अर्धा मिलिमीटर, मग एक, एक, दीड, दोन, असं करत १५-२० फोटोंनी ५ वर या. थांबताना तसंच उलट. आणि चाकाचा कोन पण त्याच मापाने कमी करायचा बरं का, नाहीतर चाकं घसरल्यासारखी दिसतील. रुळाच्या अलीकडे, फ्रेमच्या बाहेर, कागदाची पट्टी चिकटवून त्यावर पेन्सिलीने आधीच सगळ्या खुणा करून ठेवा. अ‍ॅपमध्ये ओनियन स्किन चालू ठेवा, आधीचा फोटो पुसट दिसतो, कुठून कुठे आलो ते कळतं.

नौपाडा_वाचक | मंगळवार, रात्री ९:२५

काडेपेट्या वाचल्यावर दादासाहेब फाळके आठवले. १९१५ साली त्यांनी आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली होती, म्हणजे हेच, एकेक काडी सरकवायची आणि एकेक चित्र घ्यायचं. आणि त्याच्याही आधी, ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे करायचे होते तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपत ‘अंकुराची वाढ’ केली. कॅमेरा लंडनहून आणलेला, हाताने फिरवायचा. ती बघून पैसे देणाऱ्याला विश्वास वाटला. त्यांना ना ओनियन स्किन, ना लगेच चालवून बघायची सोय, फिल्म धुऊन येईपर्यंत काय झालंय ते कळायचं नाही. लेकीला हे जरूर सांगा. तिने १६० फोटो परत काढायला लागतील म्हणून तोंड पाडलं होतं ना.

पारसिक | मंगळवार, रात्री ९:५०

हे मला माहीत नव्हतं. छान माहिती दिलीत.

नेरूळची_मैना | बुधवार, दुपारी ३:१५

मधेच माझं विचारून घेते. कागदाचे फ्लेमिंगो कापलेत, टेबलावर आडवे ठेवून वरून फोटो काढतेय. पण त्यांची चाल कशीतरीच दिसते, गुडघा माणसासारखा पुढे वाकवला तर बगळाही वाटत नाही.

ऐरोली_फ्रेम | बुधवार, संध्याकाळी ६:४०

कारण पायाच्या मधे जे दिसतं तो त्यांचा गुडघा नाहीच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. म्हणून पाय मागच्या बाजूला वाकतो. पायाचे दोन तुकडे करा, जोडाला दोरा ओवून गाठ मारा, आणि पाय उचलताना आधी तो जोड मागे वाकवा, मग पंजा लोंबता राहू द्या, टेकताना शेवटच्या क्षणी उघडा. खाताना डोकं पूर्ण उलटं असतं, चोचीचा वरचा भाग खाली. तुम्ही नेरूळलाच आहात, सीझन असेल तर भरती-ओहोटीची वेळ बघून पाणथळीवर जाऊन या, एकच पक्षी निवडा आणि दहा मिनिटं फक्त पायच बघा. मोबाइलवर व्हिडिओ घेतलात तर घरी फ्रेम फ्रेम थांबवून मोजता येईल की एका पावलाला किती फोटो लागतात.

वरून काढताना फोन बरोबर सपाट आहे ना ते बघा, दोन सारख्या उंचीचे डबे आणि त्यावर आडवी जाड पट्टी, पट्टीच्या टोकाला फोन. कागद उडू नये म्हणून काच ठेवायचा मोह होईल पण काचेत फोनच दिसतो, त्यापेक्षा पंखा बंद.

नेरूळची_मैना | बुधवार, संध्याकाळी ७:०५

घोटा!! मी इतकी वर्षं मुलांना गुडघा म्हणून दाखवतेय. उद्याच सांगते त्यांना. आपल्या ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलं हे मी त्यांना पाठ करून घेतलंय, पण पाय कसा वाकतो ते मीच बघितलं नव्हतं.

खाडीकाठ | पुढचा रविवार, रात्री ११:४०

झाली! पहिल्यापासून परत काढली, ४३२ फोटो, ३६ सेकंद. पाच रात्री.

लुकलुक नाही. सासूबाई गडद चॉकलेटी शाल पांघरून खडूच्या पावलांवर उभ्या राहायच्या आणि लेक म्हणायची आजी श्वास रोख, आणि त्या खरंच रोखायच्या, कारण कापूस श्वासाने पण हलतो हे आम्हाला दुसऱ्या रात्री कळलं. गाडी सुटते तो भाग मी किती वेळा बघितला असेल! पहिले काही फोटो काहीच होत नाही असं वाटतं, फक्त एका बटणावरचा लाल ठिपका किंचित खाली सरकतो, मग दुसरा, मग डबे एकेक करून ताणले जातात (लेकीने काडेपेट्यांच्या मधला दोरा आधी सैल ठेवला होता, ही तिची स्वतःची युक्ती) आणि मग सगळी गाडी निघते. जड वाटते. रिळं आणि काडेपेट्या आहेत हे विसरायला होतं.

३२ अंशांचा कोन तिने पुठ्ठ्याचा कापून घेतला आणि सुटतानाच्या फोटोंसाठी गणिताच्या वहीताईंच्या पद्धतीने स्वतः हिशोब करून अजून चार लहान कोन कापले. पूल ठेवलाय, पण आधी गाडी ठाण्याला थांबते, पडदा काळा होतो, ‘१८५४’ अशी पाटी येते, मग पूल. माणसं तारेची आणि तेलातल्या क्लेची, फलाटावर सहाच आहेत, त्यातला एक फेटेवाला गाडी आल्यावर दोन पावलं मागे सरतो, त्या दोन पावलांना पूर्ण एक रात्र गेली.

आवाज घरचाच. सुटताना वाफ म्हणजे कुकरची शिट्टी पडायच्या आधीची फुसफुस, आणि गाडीचा ठेका म्हणजे पॉलिश पेपर लाकडी पोळपाटावर घासून. खिडकीतून खऱ्या लोकलचा आवाज येत होता म्हणून रात्री उशिरा रेकॉर्ड केलं.

पारसिक | पुढचा रविवार, रात्री ११:५५

सुटताना डबे एकेक करून ताणले जातात हे मुलीने कुठून बघितलं? बरोबर तसंच होतं. मालगाडी सुटताना तो आवाज इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत धावत जातो.

खाडीकाठ | सोमवार, सकाळी ६:३०

खिडकीतून, काका. म्हणाली, रोज तर बघते.

नेरूळची_मैना | सोमवार, रात्री ९:१५

तुमचं वाचून आज बसलेच. पंखा बंद, ट्यूब बंद, एक लॅम्प, अंगात काळा कुर्ता, फोन लॉक. काहीही न हलवता २० फोटो काढले आणि चालवून बघितले, पडद्यावर तीन गुलाबी पक्षी अगदी स्तब्ध उभे आहेत. आता पहिल्याचा घोटा वाकवते.